गुरुपूरबला दूध किती ठेवायचं? नानकशाही कॅलेंडर, साडेतीन वर्षं वापरून

आमच्या डेअरीत गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन खिळे आहेत. मधल्या खिळ्यावर कालनिर्णय, तो सासऱ्यांच्या वेळेपासून. त्याच्या चौकटींत तारखेपेक्षा आमचेच आकडे जास्त. कोणाचा रतीब आठ दिवस बंद, कोणाचं अर्धा लिटर वाढलं, कोणत्या गवळ्याच्या दुधात पाणी सापडलं. हे शेवटचं फक्त फुलीनं, कारण गवळीही तिथेच उभा राहून वाचतो. डाव्या आणि उजव्या खिळ्यावर दोन नानकशाही कॅलेंडरं आहेत, आणि हे लिहिणं त्या दोघांबद्दल आहे. भुसावळात मराठी बाईच्या दुकानात शिखांची कॅलेंडरं कशाला, तीही दोन-दोन, असं विचारणारं रोज कोणीतरी निघतं. एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला फोनवर पाठवता येईल.

धंदा सांगितल्याशिवाय कॅलेंडरचं महत्त्व कळायचं नाही. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव, त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्या मुलखाचं. केळीवाले आहेत, रेल्वेवाले आहेत, फाळणीनंतर आलेली सिंधी घरं आहेत, आणि ट्रकच्या धंद्यात, स्पेअर पार्टच्या दुकानांत जम बसवलेले सरदारजी आहेत. गुरुद्वाऱ्यात रोजच्या लंगरला दूध-दही लागतं ते ठरलेलं, त्याची चिंता नाही. चिंता असते सणाची. गुरुपूरबला, म्हणजे गुरूंच्या दिवसाला, खीर, पनीर, दही, ताक सगळं एकदम लागतं, आणि कडाह प्रसादाला तूप. या प्रसादात कणीक, साखर आणि तूप समसमान. आपण शिऱ्यात तूप घालतो ते त्यांच्यापुढे दृष्ट काढल्यासारखं. तेव्हा सणाची तारीख दोन दिवस आधी कळणं वेगळं आणि दोन महिने आधी कळणं वेगळं. दोन दिवसांत मी दूध जमवू शकते, तूप नाही जमवू शकत.

पहिलं कॅलेंडर नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. आमच्या नेहमीच्या सरदारजींकडे पंजाबहून पाहुणे आले होते, त्यांच्या सामानातलं एक त्यांनी मला दिलं. मी दरवेळी "पुढचा सण कधी, पुढचा सण कधी" विचारून त्यांचं डोकं खात असे, म्हणून. वर ५५४ असा आकडा. मला वाटलं छापणाऱ्याचा अनुक्रमांक असेल. ते वर्ष होतं. गुरू नानकांचा जन्म १४६९ चा, तिथून मोजायला सुरुवात. सध्या, म्हणजे १४ मार्च २०२६ पासून, ५५८ चालू आहे.

बारा महिने आपल्याच नावांचे, जरा बोली वेगळी. चेत, वैसाख, जेठ, हाड, सावण, भादों, अस्सू, कत्तक, मग्घर, पोह, माघ, फग्गण. छपाई गुरुमुखीत. गुरुमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो. सावणचं पान मी दोन दिवस 'मावा' वाचत होते आणि मनात म्हणत होते, बघा, दूधवाल्यांची किती काळजी, माव्याचा वेगळा महिना ठेवलाय. आमच्या पोरानं हसून हसून कॅन सांडला. आकडे मात्र इंग्रजी होते, लहान पण स्पष्ट, त्यामुळे निभावलं.

या पहिल्या कॅलेंडरची गंमत अशी की त्यातल्या बहुतेक तारखा हलतच नाहीत. चेत १४ मार्चलाच लागणार, वैसाख १४ एप्रिललाच, जेठ १५ मेलाच. पहिले पाच महिने एकतीस दिवसांचे, पुढचे सात तीस दिवसांचे, लीप वर्षी फग्गणला एक दिवस जास्त. हिशेब संपला. गुरु गोबिंदसिंगांचा जन्मदिवस २३ पोह, म्हणजे दरवर्षी ५ जानेवारी. गुरु अर्जनदेवांचा शहीदी दिवस २ हाड, म्हणजे १६ जून. गुरु ग्रंथसाहिबचा पहिला प्रकाश १७ भादों, १ सप्टेंबर. गुरु तेगबहादुरांची शहीदी ११ मग्घर, २४ नोव्हेंबर. गुरु नानक जयंती, होला मोहल्ला आणि दिवाळीतला बंदी छोड दिवस एवढे मात्र चंद्रावर सोडलेले. मी त्याच रात्री सगळ्या पक्क्या तारखा एका पुठ्ठ्यावर उतरवून काढल्या. ह्यांना म्हटलं, आता जन्माची कटकट मिटली, दरवर्षी नवीन घ्यायलाही नको. हे म्हणाले, "देवाचं काम इतकं सरळ असतं का?" मी म्हटलं तुम्ही फॅट बघा.

डिसेंबर आला. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गुरुद्वाऱ्यातून दुधाची मागणी आली, २६ तारखेला चाळीस लिटर, संध्याकाळी गरम करून वाटायला. हा कसला सण म्हणून मी कॅलेंडरात पाहिलं, तर १३ पोहच्या चौकटीत होतं छोट्या साहिबजाद्यांचं, म्हणजे गुरु गोबिंदसिंगांच्या शहीद झालेल्या दोन लहान मुलांचं नाव. म्हणजे सुतक-दुखवट्याचे दिवस. मग २८ ला रात्री एक पोरगा स्कूटरवर आला, "उद्या सकाळी साठ लिटर लागेल." माझ्याकडे पस्तीसच निघालं, बाकीचं त्यांनी दुसरीकडून नेलं. मी समजले, त्याच आठवड्यातलं असेल काही.

आणि मी बसले ५ जानेवारीची वाट बघत. पुठ्ठ्यावर लिहिलेलंच होतं. ४ तारखेला सत्तर लिटर जास्तीचं घेतलं, त्यातल्या तीस लिटरचं पनीर लावलं, सहा किलो उतरलं. पाच तारीख उजाडली, दहा वाजले, अकरा वाजले. कोणी फिरकेना. शेवटी मीच फोन लावला. सरदारजींचा जन्म भुसावळचा, मराठी माझ्याइतकी येते, पण गडबडले की हिंदीवर जातात. "ताई, वो तो हो गया! एकोणतीस को. आपसे ही तो दूध लिया था!"

पनीर दोन ढाब्यांनी घेतलं, मागतील त्या भावात. दुधाचा खवा आटवला आणि पेढेवाल्याच्या पायऱ्या चढले. ह्यांनी एक शब्द काढला नाही, पण जेवताना पनीरची भाजी बघून जे खाकरले ते मला अजून ऐकू येतं.

दोष कॅलेंडरचा नव्हता, म्हणून छापणाऱ्याला नावं ठेवत नाही. भानगड अशी की नानकशाही कॅलेंडर दोन आहेत, आणि हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सरदारजींनी मग दुकानात स्टुलावर बसून अर्धा तास समजावलं. कॅनडात स्थायिक झालेले एक संगणक अभियंता होते, पालसिंग पुरेवाल. त्यांनी वर्षानुवर्षं गणित करून हे पक्क्या तारखांचं कॅलेंडर बसवलं. अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं ते २००३ मध्ये लागू केलं. त्याला आता 'मूल' नानकशाही म्हणतात. पण जुन्या तिथ्यांवर जीव असलेली मंडळीही मोठी होती, आणि २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. संग्रांद, म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, पुन्हा जुन्या बिक्रमी पंचांगाप्रमाणे, आणि काही मोठे गुरुपूरब पुन्हा सुदी-वदीच्या, आपल्या शुद्ध-वद्याच्या, तिथीवर. गुरु गोबिंदसिंगांचा जन्मदिवस त्यातच, पोह सुदी सप्तमी. माझ्या हाती लागलं होतं मूल, आणि आमच्या गावचा गुरुद्वारा चालतो दुरुस्तीवाल्यावर. पाकिस्तानातली गुरुद्वारा कमिटी मूल मानते, परदेशातही पुष्कळ ठिकाणी मूल चालतं. सरदारजींची स्वतःची मुलगी बाहेरदेशी आहे, ती ५ जानेवारीला करते. "एकच गुरू, बापाची खीर वेगळ्या दिवशी, लेकीची वेगळ्या," म्हणाले आणि हसले. आपल्या नांदेडचं तर आणखी वेगळं. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यानं हे नवं कॅलेंडर उचललंच नाही, तिथलं सगळं जुन्या तिथीनं.

तिथी म्हटल्यावर मला लगेच उमजलं, कारण आपलं सगळं तिथीवरच. सासूबाईंना मी धोंड्याच्या महिन्यावरून सांगितलं. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. सण दरवर्षी अकरा दिवस मागे मागे सरकतो आणि धोंडा आला की एकदम पुढे उडी मारतो. पोह सुदी सप्तमी पडते डिसेंबर-जानेवारीच्या उंबरठ्यावर, त्यामुळे इंग्रजी वर्षाच्या हिशेबानं ती कधी दोनदा येते, कधी येतच नाही. २०२२ मध्ये ९ जानेवारीला आणि २९ डिसेंबरला अशी दोनदा आली, म्हणून २०२३ कोरडं गेलं. त्याच कोरड्या वर्षात मी सहा किलो पनीर लावून बसले होते. २०२५ मध्ये ६ जानेवारी आणि २७ डिसेंबर. म्हणजे २०२६ पुन्हा कोरडं, पुढची थेट जानेवारी २०२७ च्या मध्यावर. हा हिशेब आता मी झोपेतही सांगते.

सासूबाईंना दुसरीच गोष्ट पटेना. माहेर पारोळ्याकडचं, बोलणं अजून अहिराणी. मी सांगितलं की यांच्यात महिन्याचा पहिला दिवस म्हणजे संग्रांद, त्या दिवशी गुरुद्वाऱ्यात बारामाहा वाचतात. बारा महिन्यांवरची ती वाणी गुरु अर्जनदेवांची, गुरू नानकांचाही एक बारामाहा आहे. मग कडाह प्रसाद. सासूबाई म्हणाल्या, "आपली संक्रांत सालमा एकच डाव येस, ह्यासनी दर महिनाले येस?" बरोबरच विचारलं त्यांनी. सूर्य तर दर महिन्याला रास बदलतो, आपण फक्त मकरेचीच मोजतो, कारण तिळगूळ तेव्हाच. माझ्या दृष्टीनं मात्र या कॅलेंडरातली सगळ्यात कामाची गोष्ट ही संग्रांदच. वर्षात बारा दिवस तूप जाणार, हे मला आधी ठाऊकच नव्हतं. कॅलेंडरचे पैसे पहिल्या दोन संग्रांदांत वसूल.

संग्रांदेच्या तारखेतही दोन्ही कॅलेंडरांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो. मूलमध्ये माघी १३ जानेवारीला, दुरुस्तीवाल्यात आपल्या संक्रांतीबरोबर १४ ला. हा फरक का, हे मी पोराकडून समजून घेतलं, तो बीएस्सीला होता तेव्हा. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबानं चालते, आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं म्हणजे काय, दूध उतू जायला पुरेशी पण कॅलेंडरला काहीच नाही, असं वाटतं. पण सत्तर-एक वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ ला येते, मधूनच १५ ला. अशीच सरकत राहिली तर काही हजार वर्षांनी तिळगूळ आंब्याबरोबर नसला तरी आताच्या होळीच्या दिवसांत वाटावा लागेल. पुरेवालांनी हे सरकणं थांबवलं, वर्ष ऋतूंना बांधून टाकलं.

आपल्या सरकारनंही हेच केलेलं आहे, हे किती जणांना आठवतं? मेघनाद साहांच्या समितीनं भारतीय सौर कॅलेंडर बसवलं, ते २२ मार्च १९५७ पासून लागू आहे. त्यातही चैत्रानंतरचे पाच महिने एकतीसचे, बाकी तीसचे. राजपत्रावर शके लिहिलेली तारीख असते ती हीच. भिंतीवर मात्र कोणी टांगत नाही. त्या मानानं शिखांनी आपलं निदान टांगलं तरी. भांडले, पण टांगलं.

आता दुसरं कॅलेंडर. पहिल्या फजितीनंतर मी सरदारजींना म्हटलं, मला तुमच्या गुरुद्वाऱ्यात लागतं तेच पाहिजे. ते दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, कारण तारखा हलतात. यंदाचं ५५८ चं आलं ते सचखंड एक्सप्रेसनं. अमृतसरहून नांदेडला जाणारी ही गाडी भुसावळला थांबते. सरदारजींचे साडू नांदेडला माथा टेकायला निघाले होते. मी प्लॅटफॉर्मवर ताकाची बरणी घेऊन उभी, ते दारात कॅलेंडरची सुरळी घेऊन उभे. बरणी आत, सुरळी बाहेर. बरणी मात्र परत आली नाही, ती कॅलेंडरच्या किमतीत धरा. कॅलेंडर चाळीस रुपयांचं, बरणी दोनशेची.

वस्तू म्हणून दोन्ही कशी आहेत ते सांगते. पहिल्याचा कागद जाड, गुळगुळीत, सुवर्णमंदिराचा फोटो इतका सुरेख की साडेतीन वर्षांत रंग उतरला नाही. आमच्या दुकानात वाफ, ओल, दुधाचे शिंतोडे सगळं असतं, तरी फडक्यानं पुसलं की साफ. पण चौकटी एवढ्याशा! लिहायला जागाच नाही. ज्यानं कोणी हे बसवलं त्याच्या घरी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवत नसावेत. कालनिर्णयच्या चौकटीत माझं 'सकाळ २, सायं १॥, काकू गावाला' एवढं आरामात मावतं. या चौकटीत 'दू' लिहिला की तारीख दिसेनाशी होते. दुसऱ्याच्या चौकटी मोठ्या, पंजाबी आणि इंग्रजी दोन्ही छापलेलं, सणाच्या चौकटीला केशरी रंग. लांबून दिसतं. कागद मात्र पातळ, पतंगाचा म्हणावा असा, आणि वरची पत्र्याची पट्टी इतकी सैल की एप्रिल येईपर्यंत चेतचं पान पंख्याच्या वाऱ्यानं गल्ल्यात येऊन पडलं. यंदा मी चारही कडांना पॅकिंगची टेप मारली आहे.

पान उलटण्याचाही एक घोळ आहे. पान इंग्रजी महिन्याप्रमाणे नाही, त्यांच्या महिन्याप्रमाणे. एक तारखेला उलटायची सवय असलेला माणूस फसतो. आमच्या ह्यांनी मागच्या वर्षी १ जुलैला हाड उलटून सावण केला, आणि मी पंधरा दिवस तूप काढायच्या घाईत.

मोबाईलवरचं ॲपही वापरून पाहिलं. सकाळी टिंग वाजवून आज कोणती देसी तारीख ते सांगतं, चांगलं आहे. पण ते मूलवालं की दुरुस्तीवालं, हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. दूधवाल्या हातांनी स्क्रीन चालतही नाही. काढून टाकलं.

दोन्ही कॅलेंडरांत खाली गुरुबाणीच्या ओळी आहेत. एका महिन्याच्या पानावर सरदारजींनी बोट ठेवून दाखवलं, हे बघा तुमचे. नामदेव. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे मी शाळेत कधीतरी ऐकलं होतं. २०१५ साली पंजाबात घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा पेपरातही वाचलं होतं. सासूबाई दरवर्षी मुक्ताईनगरला जाणाऱ्या. त्यांना वाचून दाखवलं तर चष्मा पुसून म्हणतात, "आपला नामदेव आठे कसा उना?" आणि तेव्हापासून त्या भिंतीकडे बघून हात जोडतात, कोणतंही पान असो.

आता पोहच्या त्या आठवड्याबद्दल, कारण माझ्यासाठी या कॅलेंडरातलं सगळ्यात मोलाचं पान तेच. दूध वाटायला नेतात एवढंच मला माहीत होतं, का ते नव्हतं. डिसेंबर १७०४ मध्ये सरहिंदला गुरु गोबिंदसिंगांचे दोन लहान मुलगे, नऊ आणि सात वर्षांच्या आसपासचे, आणि त्यांची आजी माता गुजरी यांना एका उंच थंड बुरुजात कोंडलं होतं. पंजाबातला डिसेंबर. सरहिंदच्या नवाबाच्या स्वयंपाकघरात कामाला असलेला मोतीराम मेहरा हा माणूस रात्री पहारेकऱ्यांना दागिने-पैसे देऊन त्यांच्यापर्यंत गरम दूध पोचवायचा, असं परंपरेनं सांगतात. तीन रात्री. मुलांना भिंतीत चिणलं. पुढे मोतीरामचं कळलं आणि त्याला बायकामुलांसकट घाण्यात घातलं. फतेहगढ साहिबला त्याच्या आठवणीत आजही दुधाचा लंगर लागतो, आणि आमच्या इकडे २६ डिसेंबरच्या संध्याकाळी गरम दूध वाटतात ते त्याच्याच नावानं.

सरदारजी हे सांगत होते तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मी तीस वर्षं दूध विकते. दुधापायी माणसं भांडताना पाहिली, फॅटवरून, मापावरून, उधारीवरून. दुधापायी कोणी घाण्यात गेलं हे पहिल्यांदा ऐकलं. त्या चाळीस लिटरांत मी आता सायीचं दूध घालते, काढून घेतलेलं नाही. भाव तोच लावते, हेही खरं. धंदा आहे. आणि त्या आठवड्यात पेढ्याची ऑर्डर कोणत्याच सरदार घरातून येत नाही, हेही आता मला ठाऊक आहे.

याच पोहमुळे दुरुस्तीवाल्या कॅलेंडरात पेच पडतो. मागच्या डिसेंबरात २७ तारखेला गुरुपूरब आला, म्हणजे छोट्या साहिबजाद्यांच्या दुखवट्याच्या दिवसांतच. आदल्या संध्याकाळी दुखवट्याचं दूध आणि दुसऱ्या दिवशी जन्मदिवसाची खीर. सरदारजींच्या घरातच दोन मतं पडली होती, मी मध्ये बोलले नाही. मूलमध्ये असं होत नाही, पोहचे शहीदी दिवस २१ ते २६ डिसेंबर आणि जन्मदिवस ५ जानेवारी, मध्ये दहा दिवस. पण मूलवालेही सुटत नाहीत. यंदा कार्तिक पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे, म्हणजे गुरू नानक जयंती. आणि २४ नोव्हेंबर हीच मूलमधली गुरु तेगबहादुरांच्या शहीदीची पक्की तारीख. एकाच चौकटीत दुःखही, आनंदही. सिंधी घरांचा मात्र काही घोळ नाही. ते गुरू नानक जयंती पौर्णिमेलाच करतात, त्यांची बासुंदीची ऑर्डर मी आत्ताच लिहून ठेवली आहे.

चौदा एप्रिलला तर विचारूच नका. वैसाखी आणि भीमजयंती एकाच दिवशी. १६९९ च्या वैसाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला, त्याचा लंगर इकडे, आणि तिकडे भीमजयंतीच्या मिरवणुकीला सरबत, खीर. त्या दिवशी मी दुधाचा हिशेब लावतच नाही, येईल तेवढं घेते, सगळं जातं.

उरला उन्हाळ्याचा सण, आणि भुसावळकर म्हणून त्याच्यावर माझं खास प्रेम. गुरु अर्जनदेवांच्या शहीदी दिवशी छबील लावतात. रस्त्यात टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला थंडगार गोड दूध-पाणी, गुलाबाचं सरबत घातलेलं. १६०६ साली लाहोरला गुरूंना तापल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापलेली वाळू ओतली, म्हणून त्या दिवशी दुसऱ्याचा जीव गार करायचा. आमच्या भुसावळचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये हा दिवस २३ मेला आला. हातगाडीवाले, रिक्षावाले, बँकेतले साहेब एका रांगेत, मी स्वतः तीन ग्लास प्यायले, माझंच दूध. २०२४ मध्ये १० जून, २०२५ मध्ये ३० मे. मूलप्रमाणे कायम १६ जून. माझं मत विचाराल तर गणित मूलचं सरळ, पण छबील मे महिन्यातच शोभते. १६ जूनला आमच्याकडे आभाळ भरून आलेलं असतं, लोक सरबताकडे नाही, भज्याकडे बघतात.

यंदा मात्र मजा आहे. अधिक महिना ज्येष्ठातच, १७ मे ते १५ जून. त्यामुळे तिथी पुढे ढकलली गेली आणि दुरुस्तीवाल्या कॅलेंडरात शहीदी दिवस १८ जूनला आला, मूलच्या १६ जूनपासून दोन दिवसांवर. एरवी तीन आठवड्यांहूनही जास्त लांब जाणारी दोन्ही कॅलेंडरं धोंड्यानं शेजारी आणून बसवली. मला त्याआधी महिनाभर जावयांचे अनारसे आणि धोंडे, त्याचं तूप, आणि लगेच छबीलचं दूध. गवळ्यांना आत्तापासून सांगून ठेवलंय, त्या आठवड्यात म्हैस आटली, सासू वारली, काही चालणार नाही.

तर कोणतं घ्यावं? तुमचं गिऱ्हाईक, शेजारी किंवा सोयरा शीख असेल तर आधी एक प्रश्न विचारा, तुमच्या गुरुद्वाऱ्यात कोणतं लागतं. खान्देशात मला तरी दुरुस्तीवाल्याचाच उपयोग झाला, त्याला पाचातले साडेतीन. अर्धा कागदासाठी कापला, एक सैल पट्टीसाठी. मूलला चार. एकदा घेतलं की पक्क्या तारखांपुरतं वर्षानुवर्षं चालतं, आणि समजायला पोरासोरांनाही सोपं, पण आमच्या गावात त्यावर दूध लावलंत तर पनीर खावं लागेल. दोन्ही घेतलीत तर शंभराच्या आत काम होतं. मागवताना वर्षाचा आकडा बघून घ्या. मार्चच्या आधी मागवलंत तर जुन्या वर्षाचा उरलेला माल गळ्यात पडू शकतो, आमच्या एका सिंधी कापडवाल्या शेजाऱ्याला फेब्रुवारीत ५५७ मिळालं, जेमतेम महिनाभर चाललं.

खिळा जाड ठोका आणि पट्टीच्या मागे दोरी दुहेरी बांधा. आणि प्लॅटफॉर्मवर ताक न्यायचं झालं तर प्लॅस्टिकच्या बाटलीत न्या.